बाप सुभेदार, लेक लेफ्टनंट: गावात सॅल्यूट कोणी कोणाला मारायचा?

मलप्रभाकाठ

राम राम मंडळी. आम्ही खानापूर तालुक्यातले. माझा धाकटा भाऊ मराठा लाइट इन्फंट्रीत सुभेदार आहे, अजून नोकरीत. त्याची थोरली लेक यंदा मार्चमध्ये चेन्नईच्या ओटीएतून (अधिकाऱ्यांच्या ट्रेनिंग अकॅडमीतून) लेफ्टनंट होऊन बाहेर पडली. सिग्नल्स मिळालं तिला, म्हणजे आर्मीची संदेशयंत्रणा सांभाळणारी शाखा. भाऊ, वहिनी आणि मी तिघं गेलो होतो.

परेडनंतर आईबापांनी पोरांच्या खांद्यावर तारे लावायचा कार्यक्रम असतो. एका खांद्यावर वहिनीनं लावले, दुसऱ्यावर भावानं. भाऊ स्वतःही वर्दीत होता. तारे लावून झाले तसा तो दोन पावलं मागं सरला आणि खाडकन लेकीला सॅल्यूट मारला. तिनंही मारला. वहिनी रडायला लागली, मी मोबाईल धरून उभा. तो व्हिडिओ मी घरच्या ग्रुपवर टाकला आणि तिथनं तो गावभर गेला.

आता घोटाळा ऐका. माझ्या आईनं तो बघितला आणि तिचं टाळकंच फिरलं. "लेकीच्या म्होरं बापानं हात वर करायचा? उद्या पाया पडाय लावशीला!" भावाशी फोनवर धड बोलेना झाली. दुसरीकडं आमच्या मंडळाच्या पोरांना तोच व्हिडिओ इतका आवडलाय की वैशाखातल्या शिवजयंतीला स्टेजवर दोघांना वर्दीत उभं करून तोच सॅल्यूट पुन्हा करून घ्यायचा त्यांचा बेत आहे. फोटोग्राफर सांगून झाला. दोघं तेव्हा रजेवर गावीच असणार.

कट्ट्यावर रोज यावर वाद. गावात घरटी एक फौजी, पण एकाचं दुसऱ्याशी जुळेल तर शपथ. एक निवृत्त नाईक म्हणतात, घरात असो की शेतात, हुद्दा म्हणजे हुद्दा, बापानं मारायलाच पाहिजे. दुसरे म्हणतात, बापाला माफ असतंय. तिसऱ्यांचं म्हणणं, सुभेदाराची सव्वीस वर्षं नोकरी झाली, तिला अजून महिना झाला नाही, तिनंच आधी मारायचा. त्यात आणि एकानं फोटो मोठा करून दाखवला की दोघांच्याही खांद्यावर दोन-दोनच तारे आहेत, मग वर कोण आणि खाली कोण?

जाणकारांनी नीट सांगावं. आईला काय सांगू तेही सांगा.

चंदगडी

बाप तो बाप. वर्दी उंबऱ्याच्या बाहेर. आजी बोलत्यात ते बरोबरच आहे. स्टेजवर बापाला लहान करू नका.

उस्ताद_कॅम्प

चंदगडीकर, निम्मं बरोबर बोललासा. वर्दी उंबऱ्याच्या बाहेर हे शंभर टक्के. पण 'बापाला लहान करू नका' हे काय पटलं नाही बघा. सांगतो.

मी मराठा लाइट इन्फंट्रीतनंच सुभेदार म्हणून निवृत्त. शेवटची वर्षं इथंच बेळगावच्या सेंटरला, म्हणजे पलटणीच्या ट्रेनिंगच्या ठिकाणी, पोरांना ड्रिल शिकवण्यात गेली, आता गणेशपूरला घर आहे. सातारा-कोल्हापूरची पोरं, इकडची कन्नड बोलणारी पोरं, सगळ्यांना पहिल्या आठवड्यात हाच प्रश्न पडायचा: उस्ताद, सॅल्यूट कोणाला मारायचा आणि कोणाला नाही? काही जण भीतीनं कँटीनवाल्याला पण मारायचे.

आधी ताऱ्यांचा घोळ मिटवू. फोटो अजून थोडा मोठा करा. तुमच्या भावाच्या दोन ताऱ्यांबरोबर एक लाल-पिवळी पट्टी दिसेल. ती पट्टी म्हणजे जेसीओ, ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर, जवान आणि अधिकारी यांच्या मधली पायरी. नायब सुभेदाराला एक तारा आणि पट्टी, सुभेदाराला दोन तारे आणि पट्टी, सुभेदार मेजरला तारे नाहीत, सिंहमुद्रा आणि पट्टी. पुतणीच्या खांद्यावर नुसते दोन तारे, पट्टी नाही. ती लेफ्टनंट. लांबनं दोघं सारखे दिसतात, म्हणून तर सेंटरच्या पोरांना आम्ही सांगायचो की तारे मोजायच्या आधी पट्टी बघा.

आता वर कोण? हुद्द्यानं लेफ्टनंट वर. सव्वीस वर्षं झाली असोत की तीस. ही उतरंड इंग्रजांच्या वेळची. तेव्हा सुभेदाराला व्हाइसरॉयचं कमिशन, म्हणजे हुद्द्याचं अधिकारपत्र, असायचं आणि सगळ्यात जुना सुभेदार मेजरसुद्धा कालच आलेल्या गोऱ्या लेफ्टनंटच्या खाली धरला जायचा. स्वातंत्र्यानंतर व्हाइसरॉय गेला, नाव बदलून जेसीओ झालं, कमिशन राष्ट्रपतींच्या नावानं मिळायला लागलं, पण पायऱ्या तशाच राहिल्या. तेव्हा दोघं वर्दीत आणि ड्यूटीवर समोरासमोर आले तर आधी हात सुभेदाराचा वर जाणार. बाप आहे म्हणून माफी असा नियम कुठं नाही. नोकरीच्या वर्षांचाही संबंध नाही.

पण आजीनं जो अर्थ काढलाय तो कोणत्याच पलटणीत कोण काढत नाही. सॅल्यूट पोरीला नाही, तिच्या कमिशनला आहे. राष्ट्रपतींनी तिच्यावर जो भरवसा टाकलाय त्याला आहे. उद्या तिच्या जागी दुसरा कोण उभा राहिला तर त्यालाही तोच सॅल्यूट, त्याच ताठपणानं, तो आवडो न आवडो. मला न आवडणारे साहेब कमी नव्हते. त्यांना मारलेल्या सॅल्यूटमध्ये कोपर एक बोटभर खाली आलं नाही माझं.

दुसरं म्हणजे सॅल्यूट एकतर्फी नसतोय. खालच्यानं मारायचा आणि वरच्यानं परत करायचा. परत करणं मर्जीवर नाही, ती पण ड्यूटीच. सेंटरला एकदा एक नवा लेफ्टनंट जवानांचे सॅल्यूट नुसती मान हलवून घ्यायचा. हात रिकामे असायचे बरं का, तरी. जवान काय बोलणार? शेवटी सीनियर साहेबांनी बघितलं आणि त्याला आमच्या ड्रिलच्या मैदानावर पाठवलं. घामेघूम होईपर्यंत सॅल्यूट परत करायची प्रॅक्टिस करून घेतली आम्ही. 'आम्ही' म्हणजे हवालदार आणि सुभेदारांनी, हे ध्यानात घ्या. शिकवताना पण त्याला 'साब'च म्हणत होतो.

आणि हे आजीला जरूर सांगा: पलटणीत साहेब लोक सुभेदाराला नावानं हाक मारत नाहीत. 'साब' म्हणतात. तुमची पुतणी तिच्या युनिटमध्ये बापाच्या वयाच्या सुभेदाराला रोज 'साब' म्हणणार, आणि तो तिला सॅल्यूट मारून 'जय हिंद मॅडम' म्हणणार. नव्या साहेबाला कागद कसा चालतो, जवान कशानं बिघडतो, कोणाच्या घरी काय चाललंय, हे सगळं शिकवणारा तोच सुभेदार. यात कोण लहान झालं ते मला दाखवा.

चेन्नईत भावानं केलं ते अगदी कायद्यात. तिथं तो वर्दीत, ती वर्दीत, तारे खांद्यावर चढलेले. तारे लावायच्या आधी मारला असता तर चूक. दोन पावलं मागं सरून मारला म्हणालात ना? जुना ड्रिलवाला दिसतोय. शाबास म्हणा माझ्याकडनं.

स्टेजचं मात्र मला पसंत नाही. त्यावर नंतर लिहितो, दूधवाला आलाय.

सांबरा_एअरमन

उस्तादांना जय हिंद. मी एअर फोर्सचा, बेळगावजवळच्या सांबऱ्याला ट्रेनिंग झालं आणि पुढं बरीच वर्षं तिथंच होतो. मूळ प्रश्नाचं उत्तर उस्तादांनी दिलंय, मी एका वेगळ्याच गोष्टीवर बोलतो.

कालच खानापूर रोडला एका मंडळाचा फ्लेक्स बघितला. तुमचाच असावा, बाप-लेकीचा फोटो आहे. त्यात दोघंही डाव्या हातानं सॅल्यूट मारतायत! फ्लेक्सवाल्यानं महाराजांच्या चित्राकडं तोंड व्हावं म्हणून फोटो उलटा फिरवलाय. त्यामुळं सुभेदार साहेबांची मेडलं उजव्या छातीवर आणि नावाची पट्टी डावीकडं गेलीय. नाव वाचायला गेलं तर आरशातलं. एवढ्या फौजींच्या गावात कोणाच्या ध्यानात आलं नाही?

खाली कोपऱ्यात नेटवरनं उचललेला अजून एक हात आहे, तो तर नेव्हीचा आहे. आर्मीत तळवा समोरच्याला दिसतो, बोटं जुळलेली, उजव्या भुवईच्या इंचभर वर. नेव्हीत तळवा खाली वळलेला, समोरच्याला दिसत नाही. आमचा एअर फोर्सचा पूर्वी आर्मीसारखाच होता, 2006 साली बदलला. आता हात जवळच्या वाटेनं वर जातो आणि तळवा 45 अंशात राहतो, दोघांच्या मधला म्हणा. तो बदल झाला तेव्हा जुन्या लोकांचे हात वर्षभर तरी आपोआप जुन्याच जागी जायचे. कॅम्पात आलो की आर्मीचे जवान बघून हसायचे.

सीडीएस_तयारी_बेळगाव

मी मुलगी आहे, सीडीएसची (अधिकारी भरतीच्या परीक्षेची) तयारी करतेय, म्हणून विचारते. लेडी ऑफिसरचा सॅल्यूट वेगळा असतो का? आणि उस्ताद, दोघं घरात असताना, समजा काका अंगणात दाढी करतायत आणि ताई वर्दी घालून ड्यूटीवर परत जायला निघाली, तर?

उस्ताद_कॅम्प

बाळ, सॅल्यूटला बाई-पुरुष नाही. हात तोच, भुवई तीच. 1993 मध्ये बायकांची पहिली बॅच चेन्नईतनं बाहेर पडली तेव्हा आमच्यातल्या काही जुन्या लोकांच्या पोटात गोळा आला होता, की आता बाईला सॅल्यूट मारायचा! आता तर एनडीएतनं पण पोरी येतायत. गोळा बिळा काय राहिला नाही. जवानाला एवढंच बघायचं असतं की साहेबाला काम येतंय की नाही.

दाढीचा प्रश्न झकास आहे. आपल्या आर्मीत डोक्यावर टोपी नसेल तर सॅल्यूट नाही. उघड्या डोक्यानं माणूस सावधान होतो, 'जय हिंद' म्हणतो, झालं. गालाला साबण लावून बनियनवर बसलेला माणूस त्या क्षणी सुभेदार नाहीच, बाप आहे. त्यानं बसल्या जागी "जेवलीस काय गं?" विचारायचं आणि तिनं "होय बाबा" म्हणायचं. ती वर्दीत आहे म्हणून त्यानं उठायचं नाही.

रजेवर साध्या कपड्यात असताना तर कोणीच कोणाला देणं लागत नाही. त्या निवृत्त नाईकांना सांगा, शेतात सॅल्यूट मारायला लागलो तर ऊस कोण तोडणार? गावात कोणी ऑनररी कॅप्टन असतील, कोणी हवालदार असतील, साध्या कपड्यात सगळ्यांना राम राम. खुर्ची वयाला आधी.

अजून एक. हात अडकलेले असले तर? माझ्या रंगरूट दिवसांत कॅम्पातले रस्ते सायकलींनी भरलेले असायचे. मिलिटरी महादेवाच्या देवळाच्या बाजूनं सायकलवरनं जाताना साहेब दिसला की हँडल सोडायचं नाही, पाठ ताठ, मान झटक्यात त्या बाजूला. एकानं उत्साहात हात सोडून मारला आणि सायकलसकट गटारात गेला. साहेब हसला नाही, त्यानं सॅल्यूट परत केला आणि मग हात देऊन वर काढला. हातात रायफल असली तर सलामी शस्त्राचीच, हात कपाळाला जात नाही. चालता चालता असेल तर तीन पावलं आधी हात वर आणि नजर त्याच्याकडं. कॅम्पातनं कोणाची अंत्ययात्रा चालली असेल तर तिला मात्र सगळ्यांचा सॅल्यूट. तिथं गेलेला शिपाई होता की सुभेदार हे जनरलसुद्धा विचारत नाही.

आता स्टेज. मलप्रभाकाठ, मंडळाच्या पोरांची भावना चांगली आहे, रागावू नका त्यांच्यावर. पण सॅल्यूट हा पुन्हा करून दाखवायचा प्रकार नाही. चेन्नईत झाला तो खरा होता, कारण त्या क्षणी तो द्यायलाच लागत होता. स्टेजवर लाऊडस्पीकरवाला "आता सुभेदार साहेब आपल्या कन्येला मानवंदना देतील" असं ओरडणार, डीजेवाला बटण दाबणार, फोटोग्राफर "साहेब, परत एकदा, डोळे मिटले" म्हणणार. तीन-तीन वेळा सॅल्यूट करून घेणार माणसाकडनं! लग्नातल्या वरमाला झाल्या मग त्या. आजीला लाज वाटली तर तिचं काय चुकलं? तिला चेन्नईचा सॅल्यूट समजावून सांगता येईल. स्टेजवरचा मलाच समजत नाही, तर तिला काय सांगणार?

आणि वर्दी म्हणजे सत्काराचा पोशाख नाही. रजेवर असताना गावच्या कार्यक्रमात वर्दी घालून उभं राहायचं असेल तर दोघांनी आपापल्या युनिटला आधी विचारावं. पोरगी नवीन आहे, पहिल्याच रजेत तिला अडचणीत आणू नका. नुकतीच नोकरी लागलेल्या अधिकाऱ्याचा व्हिडिओ डीजेच्या गाण्यावर फिरला तर गावाला टाळ्या, तिला जाब.

माझं ऐकाल तर दोघांना साध्या कपड्यात बोलवा. भावानं फेटा बांधावा, ती साडी नेसो की सलवार-कमीज, तिची मर्जी. बाप-लेकीनं मिळून महाराजांच्या मूर्तीला हार घालावा. पलटणीत आमची घोषणा महाराजांच्या जयजयकारानं सुरू होते, मग टेमलाई मातेचा जयजयकार. ती घोषणा सुभेदारानं द्यावी आणि गावानं ओढावी. बघा अंगावर काटा येतोय की नाही. त्या घोषणेला फोटोग्राफरची गरज लागत नाही.

चंदगडी

उस्ताद, 'निम्मं बरोबर' मान्य. पण 15 ऑगस्टला शाळेत झेंडावंदनाला दोघं गेले तर? आमच्याकडं दरवर्षी निवृत्त मंडळी साध्या शर्टात सॅल्यूट ठोकतात.

उस्ताद_कॅम्प

झेंड्याला वर्दीतला माणूस सॅल्यूट करतो, बाकीच्यांनी झेंड्याकडं तोंड करून सावधान उभं राहायचं. 2002 च्या ध्वजसंहितेत तसंच आहे. निवृत्तांचे हात वर जातात ते सवयीनं, मी कोणाला टोकत नाही. झेंड्यासमोर बाप-लेक दोघं वर्दीत असले तर दोघांचा सॅल्यूट झेंड्याला, एकमेकांना नाही. हा आजीला नक्की आवडेल.

मलप्रभाकाठ

उस्ताद, लई उपकार झाले. तुमचं सगळं आईला वाचून दाखवलं. 'साब' म्हणतात हे ऐकून ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, "साब म्हणत असली तर बरं हाय. पर हात आधी तिनं वर कराय पायजे हुता." एवढ्यावर आलीय. भावाशी फोनवर बोलली, पण सॅल्यूटचा विषय काढला नाही, पावसाचंच बोलली.

मंडळात बैठक झाली. फ्लेक्स उतरवला, फोटो सरळ करून नवा लावणार आहेत. नेव्हीचा हात काढायला सांगितला. फ्लेक्सवाला म्हणतो, हात काढला तर ती जागा रिकामी दिसते, तिथं सरपंचांचा फोटो घालू का? हार आणि घोषणा ठरली, वर्दी नाही. पोरं थोडी हिरमुसली. फोटोग्राफरचा ॲडव्हान्स गेला तो गेला.

एकच अडचण राहिली. पत्रिका छापून आल्यात. त्यात पुतणीच्या नावाआधी 'ले. कर्नल' छापलंय आणि भावाच्या नावापुढं कंसात 'निवृत्त'. छापखानेवाला म्हणतो, 'ले.' म्हणजे ले. कर्नलच असणार असं वाटलं. काय करू? वाटायला घेऊ का?

उस्ताद_कॅम्प

अजिबात वाटू नका! लेफ्टनंटला एका महिन्यात लेफ्टनंट कर्नल केलासा? मधले कॅप्टन आणि मेजर कुठं गेले? उद्या तिच्या युनिटमधल्या कोणी ती पत्रिका मोबाईलवर बघितली तर मेसमध्ये तिला वर्षभर 'कर्नल साहेब' म्हणून पिडतील. 'ले.' लिहूच नका, पूर्ण 'लेफ्टनंट' लिहा.

पण त्याआधी भावाच्या नावापुढचं 'निवृत्त' खोडा. वरनं चिठ्ठी चिकटवा, काळ्या पेनानं खोडा, काय पण करा. नोकरीतल्या माणसाची पेन्शन तुम्ही पत्रिकेत काढून ठेवलीय, आणि वहिनीनं ती पत्रिका त्याला अजून दाखवली नसेल तर दाखवू नका म्हणावं.